खुशबूच्या खाटेजवळची कुंडी

अहो, कुलूप उघडू नका, आधी हे वाचा. दारातल्या चपलेतही पाय घालू नका.

मी खुशबूले घेऊन समोरच्या रिताताईकडे बसली आहो. आमाले काही झालं नाही.

तुमी अंगणात लावलेली इंग्लिश लॅव्हेंडरची रोपं पाण्यानं सडली, म्हणून यंदा मी फ्रेंच जात घेतली. ते कुंडीत, रेती मिसळलेल्या मातीत टिकते. नर्सरीवाला म्हणे, याच्या वासानं साप फिरकत नाही. म्हणून पाऊस वाढला तशी मोठी कुंडी मी आपल्या खोलीत, खुशबूच्या खाटेजवळ आणून ठेवली.

आज सकाळी वाळलेली पानं तोडाले गेली, तं बुडाशी घोणशीचं पिल्लू वेटोळं करून बसलं होतं. सर्पमित्र आला, त्यानं ते बरणीत भरून नेलं.

रात्री मी तुमाले उठवून म्हटलं होतं, काहीतरी सळसळून राहिलं. तुमी म्हणाले, पंखा आहे, झोप.

सर्पमित्र आता आणखी बरण्या आणाले गेला आहे. तो म्हणते, घोणस अंडे देत नाही, पिल्लेच देते. अन् एक देऊन थांबत नाही.

दामिनी