पायथ्याची पाटी

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. केस पांढरे झाले तरी माझ्या पत्रात तू चि.च राहणार, तेव्हा तक्रार नको.

तुझ्या भाऊजींचा दम वाढला आहे. आडवं झालं की श्वास पुरत नाही, म्हणून हल्ली ते खुर्चीत बसूनच झोपतात. झोपतात म्हणजे मान टाकतात. सकाळी मान वळत नाही, पाय सुजलेले असतात, आणि मी विचारलं की सांगतात, झकास झोप लागली. डॉक्टर म्हणाले, आता औषधाने फारसं काही होणार नाही, पण डोक्याकडून वर होणारी कॉट मिळाली तर निदान पाठ टेकता येईल.

तुमच्या सेवा क्लबकडे तशा कॉट उसन्या मिळतात हे मला ठाऊक आहे. त्यांना तर माझ्याहून जास्त ठाऊक, कारण तिथल्या एकूण एक कॉटची पायथ्याची पाटी त्यांनीच रंगवलेली. पाट्या रंगवायचं दुकान बंद करून आम्ही या गावी आलो, तोवर तुमच्या सगळ्या दात्यांना त्यांनी अक्षरांत बसवलं, तेही फुकट. मी विषय काढला तर म्हणाले, ज्यांची नावं रंगवताना मी हसलो, त्यांच्या कॉटवर रडत पडणार नाही. त्या किराणावाल्याने आपलं नाव मोठं करा, अजून मोठं करा म्हणून इतका पिच्छा पुरवला, की शेवटी आडनाव पाटीबाहेर जायला निघालं होतं. ते अजून यांच्या डोक्यात बसलं आहे.

बिननावाची एखादी असली तर बघ ना रे. मला त्यांना एकदा, एकदाच, गादीवर झोपलेलं बघायचं आहे.

माझी काळजी तू करत बसू नकोस, पण कॉटची कर.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि थेट क्लबच्या कोठीत गेलो. बिननावाची वस्तू शोधणं म्हणजे काय असतं ते तुला सांगतो. बाकावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, चाकाच्या खुर्चीवर तर पाठीमागे, पुढे आणि बसायच्या जागीही. कचऱ्याच्या डब्यावर एका सभासदाच्या वडिलांचं नाव आहे, आणि त्यात कुणी कचरा टाकला की त्याला राग येतो. मागे एका म्हाताऱ्याला चाकाची खुर्ची दिली, तेव्हा फोटोत इतके सभासद घुसले की म्हातारा बाहेर राहिला. खुर्चीत आमचे अध्यक्ष बसले आहेत. हसू नकोस, तो फोटो अहवालात छापला आहे.

तरी अध्यक्षांकडे विषय काढला. तू त्यांना ओळखतेस, आम्ही पाठीमागे ज्यांना 'माईक' म्हणतो ते. नावाशिवाय वस्तू बाहेर गेली तर उद्या कोण दान देईल, असं त्यांचं म्हणणं. मग मी भाऊजींचं सांगितलं. बराच वेळ गप्प राहिले, आणि माईकने गप्प राहणं ही आमच्याकडे इतिहासात नोंद करायची गोष्ट आहे. म्हणाले, पेंटरने आमच्याकडून कधी रंगाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. तेव्हा क्लब नवी कोरी कॉट घेईल आणि तिच्यावर नाव पेंटरचंच घालेल. स्वतःच्या नावाच्या कॉटवर झोपायला तर त्यांची हरकत नसेल?

माणूस वाईट नाही, ताई. हातात माईक नसला की चांगलाच आहे.

एकच अडचण. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन याच आठवड्यात आहे. डोळ्यावर पट्टी, घराबाहेर बंदी, आणि तुझी भावजय पहाऱ्यावर. त्यामुळे कॉटचं सगळं अध्यक्ष जातीने बघणार आहेत.

भाऊजींना नमस्कार. तुझा आहे तो लोभ टिकला तरी मला पुरे.

तुझा,
धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. हे सवयीने लिहिलं. आज आशीर्वाद द्यायची माझी इच्छा नाही.

कॉट आली. कॉटबरोबर तुमचा अर्धा क्लब आला, कोट घालून. माझ्या एवढ्याशा खोलीत उभं राहायला जागा नव्हती, तरी फोटोवाल्यासाठी झाली. पायथ्याच्या पाटीवर कापड झाकलेलं. माईकनी चार शब्द बोलतो म्हणून बरेच बोलून घेतलं आणि कापड ओढलं. सगळ्यांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग वाचलं.

'कै. पेंटर यांच्या स्मरणार्थ.'

नवा रंगारी म्हणे तयार साच्यावरून काम करतो. तुमच्याकडे हल्ली दान मेलेल्यांच्याच नावाने येतं, म्हणून साच्यात 'कै.' आणि 'स्मरणार्थ' कायमचे कोरलेले. अध्यक्षांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, की पेंटरचं नाव घाल, बाकी नेहमीप्रमाणे. इतकी वर्षं यांनी तुमच्यासाठी हात झिजवला, आणि त्यांचं खरं नाव तुमच्यात एकालाही माहीत नव्हतं का रे? नव्हतं, ते बरंच झालं म्हणा.

हे समोर खुर्चीत बसलेले. टाळ्या थांबल्या. फोटोवाला बिचारा सगळ्यांना इकडे बघा म्हणत होता. यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले,

"घाई केलीत. पण पत्ता बरोबर आहे."

आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. माईकच्या डोळ्यांत पाणी. कॉट परत नेतो, म्हणाले, तर यांनी हात धरला. आता ती माझी आहे, नाव वाचा की, म्हणाले. मग काना वाकडा आहे, रंग पातळ आहे, 'र्थ'चा रफार पळून चालला आहे, असं सगळं काढून झालं.

पाहुणे गेल्यावर मी हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर केली. ते टेकले आणि लागलीच झोपले. तोंड किंचित उघडं, एक हात बाहेर. मला हेच बघायचं होतं ना? मी बघत होते, आणि त्यांच्या पायांपलीकडे ती पाटी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. स्वच्छ होती, तरी घासली.

डोळ्याला पाणी लावू नकोस. राग आहे म्हणून काळजी नाही असं नाही.

तुझी,
ताई


४ मार्च

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

पट्टी सुटल्यावर पहिलं वाचलं ते तुझं पत्र. पट्टी असती तर बरं झालं असतं.

माईक घरी येऊन गेले. चहा घेतला नाही, नुसते टोपी फिरवत बसले. सभेत परवा भाषणही केलं नाही. लोकांना वाटलं त्यांना बरं नाही. आता पाटी खरवडायला रंगाऱ्याला पाठवतो म्हणतात. कधी पाठवू ते कळव. तू म्हणशील ते, तू म्हणशील तेव्हा.

तुझ्या रागातही मला जागा असू दे.

तुझा,
धाकटा


२० मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. या वेळी मनापासून.

रंगाऱ्याला पाठवू नकोस. तुझ्या भाऊजींची सक्त मनाई आहे. त्यांना एक शोध लागला आहे आणि त्यापुढे आम्हाला कुणाला किंमत नाही.

झालं असं, की ते दिवसभर पडून समोर बघतात. समोर पायथ्याची पाटी, पण आतली बाजू. कोरी. परवा मला हाक मारून म्हणाले, जन्मभर मी उलट्या बाजूला रंगवत आलो. नाव बघायला येणाऱ्यांसाठी. पडून राहणाऱ्याच्या वाट्याला नुसतं लाकूड.

मग काय, रंगाचा डबा काढ, ब्रश धू, पाटीचे स्क्रू काढ. पाटी त्यांच्या मांडीवर ठेवते आणि मी डबा धरून बसते. आधी पेन्सिलने ओळ आखली, अक्षरं काढली, मग रंग. हात थरथरतो, म्हणून श्वास सोडला की लगेच ब्रश टेकवतात आणि पुढचा श्वास लागायच्या आत उचलतात. एखादं अक्षर झालं की दमतात. मी दुसरीकडे बघितलं की ओरडतात, डबा वाकडा धरला म्हणून. लग्नानंतर दुकानात असाच ओरडा खायचे, तेव्हा राग यायचा.

काय लिहिणार, विचारलं. मला वाटलं, काहीतरी देवाधर्माचं असेल. तर म्हणाले, आजारी माणसाच्या उपयोगाचं. असं आहे:

'पडदा सरकवायला सांगा. बाहेर बरंच काही चाललेलं असतं.'

पहिलं वाक्य रंगवून झालं आहे. दुसरं अजून पेन्सिलीतच. आणि हो, आमच्या खिडकीचा पडदा आता दिवसभर उघडा असतो. समोरच्या गॅरेजातला म्हातारा मेकॅनिक रोज तीच गाडी दुरुस्त करतो. तुझे भाऊजी पैज लावतात, ती सुरू होणार नाही म्हणून.

माईकना सांग, टोपी डोक्यावर ठेवा.

तुझी,
ताई


२१ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

वर नेहमीप्रमाणे लिहायला गेलो आणि हात थांबला. तुझ्या नावाआधीचं एक अक्षर गेलं, त्यांच्या नावाआधीचं एक खरं ठरलं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे कॉट आणली. कोठीत नेऊन लावली, तेव्हा माईक आले. आतली बाजू उभ्याने नीट दिसेना, तर कोट न काढता कॉटवर आडवे झाले. पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. दुसऱ्यात 'बाहेर' हा शब्द रंगवलेला, पुढे नुसती पेन्सिल. तिथे त्यांनी टोपी तोंडावर ओढली. बराच वेळ पडून होते. मी दार लोटून घेतलं.

मार्चमध्ये सांगून ठेवलेला, नको म्हणून कळवायचा राहून गेलेला रंगारी नेमका आज उगवला, खरवडणी घेऊन. चूक कुठे आहे, विचारत होता. मी सांगितलं, चूक होती, आता नाही. त्याने आतली पेन्सिल बघितली आणि रंगवून देऊ का म्हणाला. मी नको म्हणून परत पाठवला. त्याच्या साच्यात ती अक्षरं नाहीत.

कॉटसाठी एका शिंप्याच्या आईचा निरोप आला आहे. तिलाही आडवं होता येत नाही. तुला विचारल्याशिवाय हलवणार नाही.

तू जेवतेस ना? एवढंच कळवलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा


२५ एप्रिल

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. जेवते. दोघांचं करते आणि मग आठवतं.

कॉट शिंप्याच्या आईला लगेच दे. तिला खुर्चीत एक रात्रही बसवू नका. पण पेन्सिल पुसली जाते रे, कुणीतरी फडका मारेल आणि गेलं. त्या बाईला वाक्य पुरं वाचता आलं पाहिजे. अर्ध्या वाक्याने आजारी माणसाला घोर लागतो.

तेव्हा रविवारी मी येते. ब्रश धुऊन ठेवला आहे. मला रंगवता येत नाही, पण डबा धरून मी सगळं बघितलं आहे. अक्षर कुठून सुरू होतं, श्वास कुठे सोडायचा, ते मला माहीत आहे. वाकडं झालं तर ओरडायला कोणी नाही.

गॅरेजातली ती गाडी काल सुरू झाली. पैज हे हरले. सांगायला मी आत गेले, तर तिथे कॉट नव्हती.

शिंप्याला सांग, आईची कॉट खिडकीकडे तोंड करून लावा. आणि माईकना सांग, रविवारी अवश्य या, फोटोवाल्याला मात्र सुट्टी द्या.

तुझी,
ताई