शेवटचा शुद्ध गंधार

१४ मार्च, शनिवार. अर्विंग

चाळीस वर्षं पेटी वाजवून तयार झालेला माझा कान, तो चुकेल कसा? नात ईशा उद्याच्या रिसायटलसाठी पियानोवर अठराव्या शतकातली एक जर्मन रचना वाजवत होती. सगळी कोमल गंधारावर रेंगाळणारी. ती रचना मध्येच चिडते, परत शांत होते. आणि अगदी शेवटी शुद्ध गंधार! म्हटलं, "हा सूर चुकला." ती म्हणाली, "आजोबा, इट्स रिटन लाइक दॅट." छपाईची चूक, दुसरं काय? मी पेन्सिलने खूण करून कोमल करून दिला. पोरीने निमूट तसं वाजवलं.

ती जेवायला गेल्यावर तेच पेटीवर काढून पाहिलं. शेवट कोमलवर केला तर दुःख तिथेच अडकून राहतं. शुद्ध लावला, आणि रडून झालेलं माणूस तोंड धुऊन बाहेर यावं तसं वाटलं. पुन्हा लावला. तसंच. मुद्दाम लावलाय तो! खूण खोडली, ईशाला सांगितलं. म्हणे, "टोल्ड यू."

नऊ वर्षांपूर्वी माझी बायको सुमन गेली, तेव्हा तेराव्याला दुखवटा संपवायला म्हणून पानात लाडू वाढला आणि मी भरल्या पानावरून उठलो होतो.

कान माझा पक्काच आहे. ऐकायला नऊ वर्षं लागली, एवढंच.