डावऱ्या हाताचा काप

२ जानेवारी १९५७, बुधवार, चिंचवड

काल आम्ही दोघी लिहायला बसलो तर वही सापडेना. शालन सारं घर शोधते आहे आणि वही तिच्याच काखेत! वर आमटी अळणी. शालने, तुझं डोकं तरी कुठं ठेवलंयस ते लिहून ठेव.

शालन माझी सून. बायकांच्या साक्षर वर्गाला जाते. मास्तरीणबाईंनी सांगितलंय, रोज एक पान लिहा. तिला लिहायला सुचत नाही, मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलायचं, तिनं लिहायचं. मी हसले तरी लिहायचं.

४ जानेवारी, शुक्रवार

सांजेला पुन्हा ऐकलं. ठक. ठक. शिंदीवर कोयता पडतो तसं. पण शिंदीबन आहेच कुठं? कारखान्याच्या रस्त्यात गेलं, बुंधेसुद्धा उपटले. तरी ठक ठक! शालन म्हणते, 'सुतार असंल, आत्याबाई.' असेल. सुतार माझ्या लेकासारखा मधेच थांबून खोकतो, एवढंच.

लेक चिमाजी. शिंदी काढायचा. दारूबंदी आली तरी काढायचा. पोलीस आले तेव्हा नदीकडं पळाला. पवनेला पूर. काठावर पागोटं आणि वहाणा मिळाल्या, तो नाही. नात इंदू तेव्हा पाळण्यात होती. दर्भाचा माणूस करून जाळला आणि शालनचं कुंकू पुसलं.

आता चाकणचे अर्जुनराव शालनसाठी विचारतायत. बायको वारलेली, कांद्याचा व्यापार, इंदूलाही सांभाळीन म्हणतात. पौष संपला की सुपारी फोडायची, मग पाट लावायचा. शालन म्हणाली, 'तुमी म्हणाल तसं.' मी म्हणाले, 'नांदायचं तुला हाय का मला?' हसली. किती दिवसांनी!

६ जानेवारी, रविवार

आज वर्गाच्या बायकांना मास्तरीणबाईंनी पुण्याच्या बागेत नेलं. तिथं माडांच्या जातींची झाडं आहेत, प्रत्येकाला नावाची पाटी. बायकांनी पाट्या वाचायच्या, झाड ओळखायचं. मी आपली राखणीला.

पहिला 'राजपाम'. गुळगुळीत खांब! मी म्हणाले, संस्थानं गेली, हा राजा बरा राहिला. पुढं 'बाटली पाम', बुडाशी पोट सुटलेला. दारूबंदी करून सरकारनंच बाटली लावली! मास्तरीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग माशाच्या शेपटीसारख्या पानांचा भेरली माड. तो फुलायला लागला की वरून खाली फुलत येतो आणि मरतो, असं त्यांनी सांगितलं. बरं की. मेला का नाही ते दिसतं तरी.

कोपऱ्यात शेवटचं झाड. शालन पाटी वाचायला लागली— 'शिं... दी.'

मी पाटीकडं बघत नव्हते. शिंदीला रसासाठी दर साली एक काप घेतात. एका साली या अंगाला, दुसऱ्या साली त्या अंगाला. उजव्या हातानं कापणाऱ्या सगळ्यांचे काप एकाच बाजूला तिरपे उतरतात. चिमाजी डावरा. त्याचा उलटा उतरायचा. हे सगळे उलटे उतरलेले. वरचा तर ओला!

का थांबलीस? लिही.

माळ्याला विचारलं, कोण कापतो? म्हणाला, 'नीरेवाला येतो एक. सांजेला मडकं बांधतो, पहाटे काढतो. कुनाशी बोलत न्हाई.'

'पाय बघितलंस का त्याचं?'

'पाय?'

'उलटं हायत का सुलटं!'

माळी माझ्यापासून दोन पावलं मागं सरला.

७ जानेवारी, सोमवार

शालननं आज सकाळपासून कामाला हात लावला नाही. लिहितेय तेवढीच.

९ जानेवारी, बुधवार

माझं ठरलं. बन तोडलं म्हणून पोर बेघर झालं, मिळेल त्या शिंदीवर जाऊन बसलं. दुसरं काय? त्याला शांत केल्याशिवाय शालनला मोकळं करता यायचं नाही. भुतासाठी कुणी बिनकुंकवाचं बसत नाही, आणि त्याला उपाशी ठेवून मांडवही घालत नाही.

मेलेल्याचा भात अळणी असतो. म्हणून शालनला सांगितलं, मुद्दाम मीठ घालू नको. एरवी सांगावं लागत नाही! दहीभाताचा डबा भरला. मास्तरीणबाई रोज पुण्याहून येतात-जातात. शिकलेल्या आहेत, तरी डबा पदराखाली घेऊन गेल्या. माळ्याकडं देतील, तो झाडाच्या बुडाशी ठेवील.

शालननं झाकण दोनदा काढून बघितलं. मी विचारलं, 'काय बघतीस?' म्हणाली, 'काय न्हाई, आत्याबाई. भात थोडा कमी झाला वाटतं.'

११ जानेवारी, शुक्रवार

ठक ठक नाही. शालन म्हणते, सुताराचं काम संपलं असंल. दोन्ही सांजा कान देऊन बसले. खाल्लं वाटतं बाळानं. गेला.

बरं झालं, असं लिही.

१२ जानेवारी, शनिवार

मास्तरीणबाईंनी डबा परत आणला. घासलेला. माळ्यानं निरोप दिलाय— नीरेवाला झाडाखाली बसला, पहिला घास घेतला आणि थांबला. मग डबा पुसून खाल्ला. जाताना एवढंच बोलला, 'इंदूची आई अजून मीठ विसरती व्हय!'

माळ्याला इंदू ठाऊक नाही.

मेलेल्याला मी भ्यायले नव्हते. आज जित्याला भ्याले. जिता राहून आम्हाला रडवलंस होय रे? ते मी समोर बसवून विचारीन.

शालने, डोळे पूस, अर्जुनरावांना निरोप धाड— सुपारी फोडू नका. उद्या भोगी. पहाटे डबा भर, घेऊन आपण दोघीच जाऊ. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोणी. भाताचं शीतसुद्धा नको. आणि मीठ माझ्यादेखत घाल.