आईच्या हाताचा दिवा

ठाकुर्ली,
३ मार्च २०२५

प्रिय मेघालीताई,

तू आणि भावोजी बरे असाल. इकडे काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आईची बोटं संधिवाताने आखडली. फिजिओथेरपिस्टने मेणाचा शेक सांगितला. मेण वितळवायचं, सोसेल इतकं निवू द्यायचं, त्यात हात बुडवायचा.
२. मी मोदकपात्रात मेण वितळवलं. हातावर जमलेला थर न फाडता मोज्यासारखा उतरवला.
३. त्याचा दिवा करावा म्हणून आत बल्ब लावला. करंगळी वितळली.
४. मग तोच उजवा हात पुन्हा केला. त्यात एलईडी आणि सेन्सर आहे. सेन्सरवर सावली पडली की मेण आतून उजळतं.

मेण जिथे पातळ, तिथे उजेड जास्त. उजेडात तिच्या तळव्यावरच्या रेषाही दिसतात. मूठ अर्धी मिटलेली आहे, कारण ती आता पूर्ण उघडत नाही.

पहिल्या दिवशी आई भडकली. "मोदकपात्रात मेण? गणपतीत काय तुझं डोकं उकडू?" आता मात्र येता-जाता सेन्सरवर तळवा धरते. मी बघतेय हे कळलं की म्हणते, "चालतंय का बघत होते."

काल म्हणाली, "एकटाच हात बरा नाही दिसत गं."

"तुझा डावा करू?"

"माझे काय करायचेत दोन-दोन? मेघालीची बोटं लांब आहेत."

आणि लगेच कुकर लावायला गेली.

ती तुझ्या लग्नाला आली नाही, हे चुकलंच. तिने तसं कबूल केलेलं नाही. तू आलीस तर करेल, असंही मी सांगू शकत नाही. फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारतेस, मी "हो" म्हणते. म्हणून हे पत्र.

ठीक नाहीये. तिची वेणी आता मी घालते. मला जमत नाही, एक बाजू सैल राहते. ती आरशात बघते आणि उठते. तू घातली असतीस तर दहा चुका काढल्या असत्या. मला ती चुकासुद्धा दाखवत नाही.

तिने मला लिहायला सांगितलेलं नाही. तिचं नाव पुढे करून तुला बोलवावं, असं ठरवून बसले होते. पण मलाच तू हवी आहेस. एकटीने होत नाही.

येत्या रविवारी दुपारी माजिवड्याहून निघ. भावोजींनाही आण, आईचं मी बघते. येणार की नाही, ते शुक्रवार, ७ मार्चपर्यंत कळव. नाही असेल, तरी कळव.

तुझीच,
संचिता