फोडलेला कांदा

१२ मे १९७४, उंब्रज
सांगलीची चारुलता अखेर उंब्रजकर झाली. उंबऱ्यावर उखाण्यात यांचं नाव इतकं ठणकावून घेतलं की बायका म्हणाल्या, पोरगी लय धीट हाय. इथं मात्र ते लिहिणार नाही. नवऱ्याचं नाव वहीत कशाला? आठ दिवसांनी हे पलटणीत परत जातील, ते दिवाळीलाच येतील. सासूबाई मायाळू आहेत. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

३० जून
भाकरी थापता थापता कोसळले. डोळे उघडले तर आत्याबाई माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरून रडत होत्या. फिट आली होती म्हणे, कांद्यानं उतरली. त्यांनी डोकं मांडीवर घेतलं. फार बरं वाटलं.

४ ऑगस्ट
आणखी फिट आल्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, फिट आपोआप थांबते, कांदा नको. मेंदू धडा शिकतो तशी फिटही शिकतो. उसाच्या रानात पाणी एकदा जिथून वाहिलं तिथूनच पुन्हा वाहतं, आणि जाताना माती नेतं, तशी दर फिटीसरशी थोडी आठवण जाते. आत्याबाई म्हणाल्या, गोळी बी देऊ, कांदा बी देऊ.

११ सप्टेंबर
आज चांगली बसले होते. शेजारी कांदा चिरला, वास आला आणि पडले. आता वासानंच फिट येते. आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, कांद्यानंच तर दर खेपी वाचलीस, पोरी. उशाखालचा कांदा मी फेकला. त्यांनी दुसरा ठेवला.

ऑक्टोबर
माहेरची गल्ली आठवत नाही. यांचं नावही — वही चाळली. सगळीकडे हे, यांचं. मला रडू आलं. आत्याबाईंना विचारलं. त्या घाबरल्या. नाव सांगितलं आणि लगेच कांदा नाकाशी धरला. उठले तेव्हा पुन्हा काही —

दिवाळी
दारात एक माणूस. खांद्यावर ट्रंक. चारू म्हणतो. आपण कोण, विचारलं. त्याचं तोंड उतरलं. आत्याबाई म्हणाल्या, आली गं बया, फिट आली हिला. आली नाही. सांगते आहे — त्या आत पळाल्या. बुक्कीनं फोडल्याचा आवाज —

तो नाव सांगतो आहे. या वेळी लिहून घेते. वास येतो आहे — लवकर — म्हणतो, मी कृ