सुनंदाचं चुकलं, माझं नाही

गुरुवार, संध्याकाळ

नेतृत्वाचे सिद्धांत मी इतर मुख्याध्यापकांना शिकवते, आणि आज जळले ती सुनंदावर! एकेकाळी माझ्या हाताखालची शिक्षिका, आता बारवी धरणाकडच्या छोट्या शाळेची मुख्याध्यापिका. तिथे भेटीला गेले होते, तर माझ्यादेखत एक नवी शिक्षिका तिला म्हणाली, "बाई, तुमचं चुकलं. भातलावणीच्या दिवसांत पालकसभेला कोण येणार?"

सुनंदा हसली. "खरंच की! पुढे ढकलू."

तुमचं चुकलं. इतकं सरळ? मला इतक्या वर्षांत कुणीच म्हटलं नाही. मी चुकतच नाही का?

खरवईला माझ्या शाळेत परतल्यावर पाटीलबाईंना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "माझं काय चुकतं, सांगा ना."

त्या उभ्याच राहिल्या. "काहीच नाही, मॅडम," म्हणाल्या, आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं.