माळ्यावरची चोरघंटा

सोमवार, ३ तारीख

ताई, तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला हटला, की अजून डॉक्टरलाच दमवतायत? सूनबाईची कंबर कशी आहे? आणि नातवाला दात आले का? एकेकाचं वेगळं कळव, "सगळे बरे" म्हणून एका फुंकरीत उरकू नकोस. मी रोज थोडं लिहीन आणि पानं साठली की टपालात टाकीन.

तुझी लेक छान आहे, जरा वाळलीय एवढंच. घर लहान पण नेटकं. मधे लांब बोळ, टोकाला माझी खोली, बोळावर माळ्याचं झाकण. एकटीला घरात कोणी वावरतंय असं वाटायचं म्हणून तिनं चोरघंटा बसवून घेतलीय. खोलीखोलीत हालचाल टिपणारी डबी. काही हललं की बोळातल्या पाटीवर त्या खोलीचा दिवा लागतो आणि भोंगा बोंबलतो. घरात माणूस असलं की बाकीच्या डब्या त्यांच्यावरच्या बटणानं झोपवायच्या; माळ्यावर कोणी जातच नाही, म्हणून तिथली डबी दिवसरात्र जागी. मी म्हटलं, आता मी आलेय, भोंग्याची गरज काय? हसली, म्हणाली खूप दिवसांनी हसले. कामावरून आली की दारातूनच ओरडते, मावशी, आहेस का गं? जशी मी पळूनच जाणार!

मंगळवार, ४

दूरदूरच्या हौशी मंडळींशी बोलायचा माझा रेडिओसंच मांडला. तू नाक मुरडशील, पण पुस्तकं वाचून, चटके खाऊन शिकलेली विद्या आहे, ती काही माळ्यावर टाकवत नाही. नव्या जागी संच आधी तेलाच्या डब्यावर, म्हणजे खोट्या एरियलवर, तपासायचा ही आमची रीत. खटका डब्याकडे असला की बोललेलं सगळं त्या डब्यातच जिरतं, बाहेर फिरकत नाही. मग मागच्या झाडाला तार ताणली, आत आणून जोडली आणि हाक घातली, कोणी ऐकतंय का?

उत्तर नाही. भोंगा मात्र असा बोंबलला की चहा मांडीवर! पाटीवर माळ्याचा दिवा. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, चोर आला म्हणायचं, की तुम्ही आलात?

शुक्रवार, ७

जुनंच दुखणं आहे. रेडिओच्या लहरी डबीच्या वायरीत शिरतात आणि डबीला भास होतो. वायरींना लहरी अडवणाऱ्या फेराइटच्या कड्या अडकवल्या. संचाची शक्ती अर्ध्यावर आणली, मग चतकोर. फरक ढिम्म नाही. मी खोलीत बोलले की बोंब, गप्प बसले की गप्प. त्यात इथली हवाही मुकी, एक माणूस सापडत नाही.

शेजारी कुरकुरतायत. लेक काल हळूच म्हणाली, मावशी, एक तर भोंगा नाहीतर तुझा रेडिओ. वाईट वाटलं गं.

सोमवार, १०

अलार्मवाला आला. गप्पिष्ट गडी. माळा बघून म्हणाला, उंदीरसुद्धा नाही हो आजी, नुसती धूळ. फक्त तुमच्या खोलीच्या बरोब्बर वर माणसाएवढी जागा लख्ख आहे, कोणाची गादी होती का? मला काय ठाऊक!

मी म्हटलं, माळ्याची डबी बंद कर. लेक नको नको म्हणत होती. म्हटलं, मी बसलेय ना इथे, माझ्या भरवशावर कर. केली त्यानं. मग मी मनसोक्त हाका घातल्या. भोंगा चिडीचूप! जिंकले, ताई.

बुधवार, १२

वर खरखरतं. मी हाक घातली की. थांबले की थांबतं.

चहात धूळ पडली. माझ्या डोक्यावरच्या फळीतून. लेकीला सांगितलं नाही, आत्ता कुठे तिला झोप लागायला लागलीय.

गुरुवार, १३

आज संच पुसताना खटका पाहिला. ताई, खटका तेलाच्या डब्यावरच आहे. पहिल्या दिवसापासून. तार जोडली, खटका फिरवायचा विसरले. माझ्या लहरी त्या डब्याबाहेर गेल्याच नाहीत. म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. म्हणून कड्या लावून फरक पडला नाही.

डबीला भास झाला नव्हता. मी बोलले की वर खरंच हलत होतं.

मीच विचारत होते ना, कोणी ऐकतंय का— रोज— आणि खरं सांगणाऱ्या त्या एकट्या डबीचं तोंड मी दाबलं—

गुरुवार, संध्याकाळ

तोंडून "अगं बाई" निघालं. तेवढंच. बोळातलं झाकण सरकलं.

उतरलंय. गप्प बसले की थांबतं. दाराबाहेर आहे— कडी नीट बसत नाही— खिडकीला गज—

लेकीला मेसेज केला. गाडी चालवताना ती बघत नाही. फोन केला तर बोलावं लागेल.

ती यायची वेळ झाली. दारातून हाक मारणार. आहेस का गं— आणि हे तिच्याकडे वळणार—

गाडी थांबली.

तिच्या आधी मी मारते हाक. मोठ्यानं. हे इकडे आत आलं की ती पाटी बघेल, माझ्या खोलीची डबी मी आत्ता चालू केलीय, तिचा डोळा दाराकडे आहे, भोंगा वाजेल, ती पळेल. पळेल ना?

ताई, लवकर उत्तर दे. पण लिही. फोन नको, या घरात कोणाला बोलायला लावू नकोस, लिहीच—

चावी फिरली. विचारते आता—

कोणी ऐक